मोहरी तडतडते, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

मराठी शाळेतल्या पाचवीच्या मुलाला विचारा, पानांची काय? तो लगेच म्हणेल, सळसळ. पाण्याचा? खळखळाट. पैंजणांची? छुमछुम. डासांची? भुणभुण. ध्वनिदर्शक शब्दांच्या या जोड्या त्याने पाठ केलेल्या असतात आणि त्यातले बरेचसे शब्द शाळेत नाव घालण्याआधीच घरात, अंगणात कानावर पडून त्याचे झालेले असतात. इंग्रजीच्या तासाला फळ्यावर ‘ओनोमॅटोपिया’ असं लिहिलं की तोच मुलगा अवघडून बसतो. मग व्याख्या उतरवून घेतली जाते, उदाहरण म्हणून बझ आणि हिस हे दोन शब्द पाठ होतात आणि धडा संपतो. पुढे अलंकार ओळखा म्हटलं की गुण कधी मिळतो, कधी जातो.

हा धडा असा उरकला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं, तरी सातवी-आठवीच्या कितीतरी मुलांना ती अजून वहीतलीच भाषा वाटते. ध्वनिशब्दांपाशी मात्र मराठी मूल रिकाम्या हाताने येत नाही. या बाबतीत आपली भाषा इंग्रजीहून श्रीमंत आहे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञांनी १९६९ साली भारतीय भाषांतल्या नादशब्दांवर एक मोठा लेख लिहिला. मराठी-हिंदीसारख्या आर्य भाषा असोत की तेलुगू-कन्नडसारख्या द्राविड, दोन्ही कुळांतल्या भाषा असे शब्द भरभरून वापरतात आणि हे भारतीय भाषांचं सामायिक लक्षण आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. तुमच्या वर्गात घरी कानडी, तेलुगू किंवा गोंडी बोलणारी मुलं असतील, तर त्यांच्याकडचे शब्दही फळ्यावर येऊ द्या.

पहिली सूचना अशी, की सुरुवात नावाने करू नका. ओनोमॅटोपिया हा शब्द ग्रीकमधून आला. त्याचा मूळ अर्थ ‘नाव घडवणं’. पण हे सगळं नंतर. मुलांच्या तोंडी पंधरा-वीस ध्वनिशब्द खेळू लागले, त्यांची वाक्यं होऊ लागली, की मग त्या सगळ्यांना मिळून ओनोमॅटोपिया म्हणतात, एवढं सांगा. स्पेलिंगचा धसका घालवायचा असेल तर त्याचे पाच तुकडे पाडा: ओ-एन-ओ, एम-ए, टी-ओ, पी-ओ-ई, आय-ए. बारा अक्षरांत व्यंजनं चारच आहेत, हे मुलांना दाखवलं की ती स्वतःच ताल धरून म्हणू लागतात.

आता खरी अडचण बघू. मराठी मूल इथे चुकतं ते शब्द माहीत नसल्यामुळे नव्हे. ते चुकतं वाक्य जुळवताना. ‘घंटा घणघण वाजते’ या वाक्यात वाजण्याचं काम ‘वाजते’ करतं. ‘घणघण’ हे कसं वाजते ते सांगतं. मूल हीच रचना उचलतं आणि लिहितं, ‘द बेल इज डुइंग डिंग-डाँग साउंड’. शिक्षक लाल रेघ मारतात आणि मुलाला वाटतं, डिंग-डाँग चुकलं. चुकलेलं असतं ‘डुइंग साउंड’. इंग्रजीत बहुतेक ध्वनिशब्द स्वतःच क्रियापद होतात. माशी बझ करते असं म्हणायचं नाही, ‘द फ्लाय बझेस’. दार आपटून आवाज येतो असं नाही, ‘द डोअर बँग्ज’. साप, वाफ, तापल्या तव्यावरचं पाणी, सगळे सरळ ‘हिस’ होतात.

हे समजवायला मराठीच उपयोगी पडते, कारण आपणही हे करतो. फळ्यावर तीन शब्द लिहा: गडगड, गडगडणे, गडगडाट. पहिला शब्द आवाज कसा ते सांगतो, दुसरा क्रियापद आहे, तिसरा नाम. मग मुलांना सांगा, इंग्रजीत या कामांना वेगवेगळे शेपूट लागत नाही. रंबल हा एकच शब्द क्रियापदही होतो आणि नामही. ‘ढग गडगडले’ म्हणायचं असेल तर ‘द थंडर रंबल्ड’. ‘गडगडाट ऐकू आला’ म्हणायचं असेल तर ‘वी हर्ड अ रंबल’. खळखळणे-खळखळाट, फडफडणे-फडफडाट, किणकिणणे-किणकिणाट, अशा जोड्या मुलांकडून काढून घ्या आणि प्रत्येक जोडीसमोर एकच इंग्रजी शब्द लिहायला लावा. अर्ध्या तासात वर्गाला जे कळतं ते व्याख्येने वर्षभरात कळत नाही.

एक जोडी तर मुद्दाम घ्यावी अशी आहे. मराठीत ढगांचा गडगडाट आणि विजांचा कडकडाट वेगळा असतो आणि इंग्रजीतही तो वेगळा आहे. लांबून घुमत येणारा तो रंबल. डोक्यावर फुटल्यासारखा होतो तो क्रॅक किंवा क्लॅप. हा फरक मुलाला नव्याने शिकवावा लागत नाही. तो त्याच्या कानात आहे, तुम्ही दोन नवे शब्द तेवढे द्यायचे.

आपल्याकडे ‘कन’ लावून होणारे शब्द आहेत: धाडकन, धपकन, टपकन, खटकन, फटकन. आवाज एकदाच झाला की ‘कन’, होत राहिला की दुहेरी. थेंब टपकन पडतो, पाऊस टपटप पडतो. इंग्रजीत या ‘कन’साठी एक छान साचा आहे: ‘विथ अ’. दार धाडकन लागलं, ‘द डोअर शट विथ अ बँग’. तो धपकन पडला, ‘ही फेल विथ अ थड’. फुगा फटकन फुटला, ‘द बलून बर्स्ट विथ अ पॉप’. दगड पाण्यात डुबुककन गेला, ‘विथ अ प्लॉप’. निबंधात लगेच वापरता येतील अशी ही वाक्यं आहेत. मुलांनी दहा ‘कन’ शब्द आणावेत, वर्गाने त्यांना इंग्रजीचा साचा लावावा. इथे एक सावधगिरी बाळगा. पटकन, चटकन, झटकन यांत आता आवाज उरलेला नाही, फक्त घाई उरली आहे. त्यांचं भाषांतर ‘क्विकली’ असंच करायचं.

मग सारखा होणारा आवाज इंग्रजीत कसा दाखवतात? आपण शब्द दुहेरी करतो: तडतड, खडखड, सळसळ. इंग्रजीतले अनेक शब्द त्यासाठी शेवटी ‘ल’ घेतात, स्पेलिंगमध्ये एल-ई. लाकूड एकदा मोडलं तर क्रॅक. शेकोटीत काटक्या जळताना होत राहतं ते क्रॅकल. एकदा नाक ओढलं तर स्निफ. सर्दी झालेलं पोर दिवसभर करतं ते स्निफल. रॅटल, रसल, गर्गल, सिझल, गिगल, टिंकल हे शब्द एका ओळीत लिहून मोठ्याने म्हणायला लावा. प्रत्येकात आवाज थांबत नाही, चालू राहतो, हे मुलांना आपोआप जाणवतं. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, कारण एकदा ती कळली की मूल वाचताना नवीन शब्दाचा अंदाज बांधू लागतं.

तसाच अंदाज स्वरांवरून बांधता येतो. मराठीत बांगड्या किणकिणतात, तलवारी खणखणतात, देवळाची मोठी घंटा घणघणते. वस्तू मोठी आणि जड होत गेली तसा शब्दातला आवाजही जड झाला. इंग्रजीत काचेचे पेले एकमेकांना लागले की क्लिंक, लोखंडी साखळी वाजली की क्लँक, जड यंत्राचं झाकण पडलं की क्लंक. एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९२९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. ‘मिल’ आणि ‘माल’ हे दोन शब्द म्हणजे दोन टेबलं असं समजा. यातलं मोठं टेबल कोणतं? बहुतेकांनी ‘माल’ म्हटलं. हा प्रयोग वर्गात करायला पाच मिनिटं लागतात. हवं तर टेबलाऐवजी दोन मडकी म्हणा. हात वर करून मतं घ्या, आकडे फळ्यावर लिहा आणि मग क्लिंक-क्लँक-क्लंककडे वळा.

स्वरांची आणखी एक गंमत आहे. टिक-टॉक, डिंग-डाँग, पिटर-पॅटर, क्लिप-क्लॉप यांत ‘इ’ आधी येतो, ‘अॅ’ किंवा ‘ऑ’ नंतर. टॉक-टिक असं इंग्रज कधी म्हणत नाही. आपण टिकटिक, टपटप असं तोच शब्द पुन्हा म्हणतो. ते स्वर बदलून म्हणतात. मूल ‘टिक-टिक’ लिहील तेव्हा लगेच खोडू नका, कारण घड्याळाची एकसारखी टिकटिक इंग्रजीतही तशी लिहितात. दोन्ही रूपं ऐकवा.

हे सगळं शिकवायची उत्तम जागा वर्ग नव्हे, स्वयंपाकघर आहे. पालकांनो, यासाठी तुम्हाला स्वतःला फाडफाड इंग्रजी यायला हवं असं अजिबात नाही. रविवारी सकाळी मुलाला ओट्याशी उभं करा आणि वही-पेन्सिल हातात द्या. कढईत तेल तापलं, मोहरी पडली, ती तडतडली. याला भारतातल्या इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत ‘स्प्लटर’ म्हणतात, ‘पॉप’ही चालतं. मग कांदा पडतो आणि चर्र आवाज येतो, तो सिझल. हॉटेलातल्या सिझलरचं नाव यावरूनच आहे, हे सांगितलं की मूल तो शब्द विसरत नाही. रश्शाला उकळी फुटते आणि बुडबुडे येतात, ते बबल. कुकरची शिट्टी म्हणजे व्हिसल, आणि शिट्टीच्या आधी वाफ फुसफुसते ती हिस. मिक्सर फिरतो तो व्हर. पोळपाटावर लाटणं आपटलं तर थंप. नळ गळतो तो ड्रिप. ताट हातातून सुटलं तर क्लँग, आणि काचेची बरणी सुटली तर क्रॅश. भाजलेला पापड मोडला की क्रॅक, दाताखाली आला की क्रंच. मुलाने प्रत्येक आवाज आधी मराठीत लिहावा, मग इंग्रजीत, मग एक पूर्ण वाक्य: ‘द अनियन्स सिझल इन द पॅन.’ एका सकाळी चार-पाच शब्द पुरेत. शंभर शब्दांची छापील यादी भिंतीवर चिकटवून काही साधत नाही; न ऐकलेला शब्द त्यात आणखी एक पाठांतर होऊन बसतो.

शाळेत हेच पडद्यामागून करता येतं. टेबलासमोर चादर धरा. मागे एका मुलाने स्टीलचा पेला चमच्याने वाजवावा, कागद चुरगळावा, डस्टर खाली टाकावं, पाणी बादलीत ओतावं, कंपासपेटी बंद करावी. बाकीच्यांनी ऐकून शब्द लिहावा. कंपासपेटी बंद झाली तेव्हा कुणी क्लिक लिहील, कुणी स्नॅप, कुणी क्लॅक. तिन्ही बरोबर धरा. आवाजाला एकच नेमका शब्द नसतो आणि अशा वेळी आपला शब्द का योग्य, हे मुलाने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, तर तोच मोठा लाभ आहे.

लहान मुलांसाठी प्राण्यांचे आवाज सोपे पडतात. ‘ओल्ड मॅकडॉनल्ड’ हे शेतावरचं गाणं आपल्या बालवाड्यांतही सर्रास म्हटलं जातं. डॉक्टर स्यूस यांचं १९७० सालचं ‘मिस्टर ब्राउन कॅन मू! कॅन यू?’ हे पुस्तक तर सबंध आवाजांवरच आहे. मराठी आणि इंग्रजी आवाज शेजारी ठेवले की मुलांना फार गंमत वाटते. मांजर दोन्हीकडे जवळजवळ तेच बोलतं, म्याव. कोंबडा आपल्याकडे कुकूचकू, तिकडे कॉक-अ-डूडल-डू. कुत्रा भू भू, तिकडे वूफ किंवा बाव-वाव. बेडूक डराव डराव, तिकडे क्रोक किंवा रिबिट. बेडकाच्या बाबतीत तर प्राणीच वेगळा आहे: रिबिट हा आवाज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका छोट्या बेडकाचा, आणि हॉलिवूडच्या चित्रपटांमुळे तो जगभर गेला. आपल्या शेतातला बेडूक तसं ओरडत नाही, म्हणून मुलाला रिबिट पटलं नाही तर त्याचं म्हणणं रास्त आहे. मात्र तिसरी-चौथीनंतर प्राण्यांवरच रेंगाळू नका. पुढच्या इयत्तांत मुलाला पाऊस, गर्दी, वाहनं, माणसांचं हसणं-कुजबुजणं यांचे शब्द लागतात.

उच्चाराकडे थोडं लक्ष द्यावं लागतं. बझ, झूम, फिझ यांतला आवाज ‘झिम्मा’मधला झ नाही. ‘बाजार’ म्हणताना जो ज येतो, तो जीभ न टेकवता लांबवला की इंग्रजी झेड मिळतो. मराठी मुलाला तो लवकर जमतो. व्हिसल आणि रसल यांच्या स्पेलिंगमध्ये टी आहे, तो उच्चारायचा नाही. नॉकमधला पहिला के तसाच मुका. भूतकाळाच्या ई-डीचा उच्चार शिकवायला तर हे शब्द हुकमी आहेत: क्लिक्ट, पॉप्ट, स्प्लॅश्ट यांत शेवटी ट, बझ्ड, हम्ड, बँग्ड यांत ड, हूट आणि थड यांना मात्र इड, म्हणजे हूटिड, थडिड. लिहिताना हम आणि पॉप यांचं शेवटचं अक्षर दोनदा येतं, बँग आणि क्लिक यांचं येत नाही.

मोठ्या वर्गांतल्या मुलांसाठी तीन फसव्या जागा सांगतो. पहिली आपल्याच भाषेतून येते. मराठीत चमचम, लखलख, ठसठस, चुरचुर हे शब्द खळखळ-सळसळीच्याच घाटाचे आहेत आणि तारकांचा चमचमाट ध्वनिदर्शक शब्दांच्या यादीत सापडतो. पण चांदणीला आवाज नसतो. म्हणून कवितेत ट्विंकल, ग्लिटर, शिमर आले तर त्यांना ओनोमॅटोपिया म्हणू नये. दुसरी जागा अनुप्रासाची. शब्दांच्या सुरुवातीला तेच व्यंजन पुन्हा पुन्हा आलं तर तो अनुप्रास. शब्दातूनच त्या गोष्टीचा आवाज ऐकू आला तर ओनोमॅटोपिया. एकाच ओळीत दोन्ही असू शकतात, आणि तसं असेल तर दोन्ही लिहावेत. तिसरी, नॉइज, लाउड, साउंड हे शब्द आवाजाबद्दल आहेत, आवाजाची नक्कल करत नाहीत. उत्तर लिहिताना नुसतं अलंकाराचं नाव देऊन थांबू नये. कोणता शब्द, कशाचा आवाज आणि त्याने त्या ओळीत काय साधलं, हे एका वाक्यात लिहावं.

लिहायला लावताना चित्रकथा फार उपयोगी पडते. चार चौकटी आखून द्या आणि बोलण्याचे फुगे कमी, आवाज जास्त अशी अट घाला. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेत मारामारी चालू असताना पॉव, झॅप असे शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकायचे. चित्रकार रॉय लिक्टनस्टाइन यांनी १९६३ मध्ये विमानाच्या स्फोटाचं भलंमोठं चित्र केलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘व्हॅम!’, ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ही उदाहरणं दाखवली की ध्वनिशब्द म्हणजे लहान मुलांचा प्रकार, हा आठवी-नववीच्या मुलांचा समज गळून पडतो. निबंधात मात्र हात आखडता घ्यायला सांगा. पावसाच्या वर्णनात एखादा पॅटर, एखादा रंबल शोभतो. प्रत्येक ओळीत आवाज आला की वर्णन बटबटीत होतं.

आवाजातून नाव मिळालेल्या वस्तू शोधायलाही मुलांना आवडतं. झिपर हे नाव अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने १९२३ मध्ये आपल्या रबरी बुटांसाठी वापरलं आणि ते त्या बुटांवरच्या चेनला कायमचं चिकटलं. आपण मोटारसायकलला फटफटी म्हणालो, ते याच न्यायाने. घरातल्या आजी-आजोबांना विचारून अशी आणखी नावं आणायला सांगा.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. या धड्यासाठी शेजारच्या वर्गाला त्रास होणार नाही अशी वेळ निवडा, हवं तर मुलांना मैदानात किंवा व्हरांड्यात न्या, मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या. पण हा तास मुलांना गप्प बसवून घेऊ नका. प्रत्येक शब्द प्रत्येक मुलाच्या तोंडून एकदा तरी मोठ्याने गेला पाहिजे.